कर्नची गाणी, दादाचं बेसमेंट आणि काळी चार

गेल्या ऑक्टोबरात दादाकडे न्यू जर्सीला दीड महिना राहिले. एडिसनच्या त्याच्या घरात पाहुण्यांची सोय बेसमेंटमध्ये असते, म्हणजे एका बाजूला माझा पलंग, मधे वॉशिंग मशीन आणि ड्रायर, आणि पलीकडच्या कोपऱ्यात भाच्याची म्युझिक रूम. रूम वगैरे काही नाही, एक कीबोर्ड, एक नोटेशनचा स्टँड आणि एक विटका गालिचा. भाचा अकरावीत, शाळेच्या जाझ बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो. वहिनीचा ड्रायर आणि ह्याचा सॅक्सोफोन दोन्ही संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला सुरू व्हायचे आणि मी आपली शाल गुंडाळून दोघांच्या मधे.

तो एकच गाणं घोटत होता. रोज. मला जाझमधलं काही कळत नाही, पण बाबांच्या कृपेने लहानपणापासून कानावर नाट्यसंगीत पडलंय, त्यामुळे एखादी चाल पंधरा-वीस दिवस ऐकली की ती कुठे वळते ते लक्षात यायला लागतं, आणि ही चाल भलतीकडेच वळत होती. म्हणजे आता समेवर येणार, घरी पोचणार असं वाटावं आणि ही बया शेजारच्या गल्लीत शिरलेली. शेवटी न राहवून विचारलं, हे काय आहे रे?

"ऑल द थिंग्ज यू आर. स्टँडर्ड आहे आत्या, सगळेच वाजवतात."

कुणाचं आहे? त्याने स्टँडवरच्या कागदाकडे पाहिलं. "कर्न. जेरोम कर्न."

आणि शब्द काय आहेत?

"शब्द?" असं म्हणून तो माझ्याकडे बघतच राहिला. इतके दिवस वाजवतोय आणि ह्याला शब्द आहेत हे त्याच्या गावीही नव्हतं.

कर्न हे नाव मला माहीत होतं, पण ते अगदी मागच्या दाराने. आमच्या ठाण्याच्या घरी बाबांची वुडहाऊसची एक अख्खी फळी आहे, पानं पिवळी पडलेली, पाठीला चिकटपट्ट्या लावलेली. मराठी घरांमधे एका पिढीने वुडहाऊस असा वाचलाय की जीव्ह्ज जणू आपल्याच वाड्यात कामाला होता. पण ह्या माणसाने कादंबऱ्यांइतक्याच मन लावून नाटकाची गाणी लिहिली हे बहुतेकांना माहीत नसतं, मलाही कॉलेज संपेपर्यंत नव्हतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कमधे प्रिन्सेस नावाचं एक चिमुकलं थिएटर होतं, 299 खुर्च्यांचं, म्हणजे आपल्या गडकरी रंगायतनची बाल्कनी म्हणा. तिथे गाय बोल्टन संवाद लिहायचा, वुडहाऊस गाणी लिहायचा आणि चाली कर्नच्या. तोवर तिकडची संगीत नाटकं म्हणजे युरोपातले राजपुत्र, भरजरी कपडे, अधेमधे कुठेही घुसडलेली गाणी. ह्या तिघांनी साध्या माणसांच्या गोष्टी घेतल्या आणि गाणं प्रसंगातून उगवेल असं बघितलं.

त्यातलंच एक 'बिल'. एक बाई आपल्या नवऱ्याबद्दल, का प्रियकराबद्दल, सांगतेय की हा काही राजबिंडा नाही, हुशार नाही, रस्त्यात दिसला तर कुणी वळूनही बघणार नाही, आणि मला तो का आवडतो ते मला सांगता येत नाही. बस इतकंच. हे 1918 साली एका नाटकासाठी लिहिलं आणि तिथून काढून टाकलं. नऊ वर्षं पडून होतं. 1927 मधे कर्न आणि गीतकार ऑस्कर हॅमरस्टाइन 'शो बोट' नावाचं संगीत नाटक करत होते, त्यात ज्युली नावाचं पात्र आहे, दारूच्या आहारी गेलेली, सोडून दिलेली गायिका, तिच्यासाठी हे गाणं पेटीतून बाहेर काढलं, हॅमरस्टाइनने किरकोळ फेरफार केले आणि हेलन मॉर्गनने ते गायलं. मूळ गाणं मिश्किल होतं. तिच्या तोंडी गेल्यावर त्याच शब्दांना पाणी सुटलं.

तर बेस्ट रेकॉर्डिंग शोधायचा माझा नाद इथून सुरू झाला. भाच्याला म्हटलं तू वाजव, मी तुला हे गाणं कुणी कुणी गायलंय ते शोधून देते. दादा म्हणाला, "शोधायचं काय त्यात, यूट्यूबवर आहे की सगळं." सगळं आहे हेच तर दुखणं आहे. कर्नचं कुठलंही गाणं टाका, इतकी माणसं ते गाऊन ठेवलेली सापडतात की आपण पहिल्या दहामधेच दमतो, आणि पहिल्या दहात असतात कोण तर हॉटेलात सूप थंड होत असताना मागे वाजावं तसं गाणारे. आवाज मलईसारखे, व्हायोलिनची दुलई, आणि गाणं बिचारं आत गुदमरलेलं. तीन-चार दिवस मी ते ऐकलं आणि मला वाटायला लागलं की कर्न ओव्हररेटेड आहे.

मग बाबांची पद्धत आठवली. आमच्याकडे रविवारी सकाळी रेकॉर्डी लागायच्या तेव्हा बाबा कधी 'बेस्ट कुठलं' असं म्हणायचे नाहीत, ते विचारायचे हे पद नाटकात कुठे येतं? कोण गातंय, कुणाला, आणि त्याच्या आधीचं वाक्य काय? ते माहीत नसेल तर मग नुसता गळाच ऐकत बसाल. अमेरिकन गाण्यांमधे तर ह्याची सोयच करून ठेवलेली असते. मूळ चाल सुरू होण्याआधी एक व्हर्स असते, अर्धी बोलल्यासारखी, अर्धी गायल्यासारखी, संवादातून पदात उतरायची पायरी. आणि नव्वद टक्के गायक ती पायरीच गाळतात, थेट मुखड्यावर उडी. मी एक साधा नियम केला की आधी जे रंगमंचाच्या जवळचं आहे ते ऐकायचं, मग ज्याला जे करायचंय ते करू दे.

'शो बोट'मधल्याच 'ओल मॅन रिव्हर'पासून सुरुवात केली, कारण ते निदान मला तोंडपाठ होतं. तुम्हालाही असणार, तुम्हाला माहीत नसलं तरी. भूपेन हजारिका कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला होते तेव्हा त्यांची पॉल रोबसन ह्या काळ्या अमेरिकन गायकाशी ओळख झाली आणि ह्या गाण्यावरून त्यांनी आसामीत 'बिस्तीर्ण पारोरे' केलं, तेच पुढे हिंदीत 'गंगा बहती हो क्यूँ'. मिसिसिपीला म्हणायचं ते ब्रह्मपुत्रेला म्हटलं. फरक एवढाच की मूळ गाण्यातला हमाल नदीला काही विचारत नाही, तो म्हणतो ही सगळं बघते आणि वाहत राहते. हजारिका तिला जाब विचारतात.

आता गंमत बघा. 'शो बोट' न्यूयॉर्कच्या झीगफेल्ड थिएटरात उघडलं 27 डिसेंबर 1927 ला. पॉल व्हाइटमन तेव्हाचा सगळ्यात मोठा बँडवाला. त्याने दोनच आठवड्यांत, जानेवारी 1928 मधे, 'ओल मॅन रिव्हर'ची रेकॉर्ड केली, गायला बिंग क्रॉस्बी, आणि लय काय विचारू नका, नाचायची! पायाने ठेका धरावा असं. कापसाच्या गासड्या उचलून पाठ मोडलेल्या माणसाचं गाणं आणि मागे टुकुटुकु बँजो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं चुकीची फाइल लागली. आणि मग मार्चमधे, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, त्याच व्हाइटमनने तेच गाणं परत रेकॉर्ड केलं, ह्या वेळी संथ, मोठ्या तबकडीवर, मागे कोरस, आणि पुढे रोबसन. 'घेई छंद मकरंद'चे शब्द तेच आणि 'कट्यार'मधे ते दोन घराण्यांच्या दोन चालींत येतात, एकात प्रसाद सावकार आणि दुसऱ्यात वसंतराव, तेव्हा कसं आपल्याला कळतं की शब्दाच्या पोटात किती मावतं. तसंच काहीसं हे. पण तिथे दोन्ही बाजू तोलामोलाच्या आहेत. इथे एक नाच आहे आणि एक गाणं आहे, माझा कौल अगदी स्पष्ट आहे. क्रॉस्बी वाईट गातो असं मुळीच नाही हं, तो छानच गातो, त्याला कुणी सांगितलेलंच नसावं की हा माणूस कोण आहे.

रोबसनची सुद्धा काही एकच रेकॉर्ड नाही. हे गाणं त्याच्यासाठीच मनात धरलेलं, पण न्यूयॉर्कच्या पहिल्या प्रयोगांत ते जूल्स ब्लेडसोने गायलं. रोबसन 1928 मधे लंडनला ड्रूरी लेन थिएटरात उभा राहिला, 1932 मधे न्यूयॉर्कला, मग 1936 च्या सिनेमात. मी सगळी ओळीने ऐकली आणि मला सिनेमातलं सगळ्यात जवळचं वाटलं, कारण तिथे तो एका धक्क्यावर बसून लाकूड तासतोय आणि गातोय, म्हणजे काम थांबवून गाणं नाही, कामातून गाणं. शेवटाकडे तो जो वर चढतो तिथे कुठलाही गवई छाती काढेल, हा काढत नाही. आणि नंतरच्या मैफलींमधे त्याने शब्दच बदलले. मूळ हमाल थकून गेलेला, जगायचा कंटाळा आणि मरायची भीती. रोबसनचा हमाल म्हणतो मरेपर्यंत लढत राहीन. हॅमरस्टाइनला ते आवडलं नव्हतं, त्याचं म्हणणं बरोबरच होतं एका अर्थी, त्याने एका पात्राचं गाणं लिहिलं होतं आणि रोबसनने ते स्वतःचं करून टाकलं. पण ज्याचा पासपोर्ट अमेरिकेच्या सरकारने 1950 मधे काढून घेतला आणि आठ वर्षं दिला नाही, त्याने नदीसारखं गप्प वाहायचं? 1958 मधे त्याचा साठावा वाढदिवस भारतात साजरा झाला, त्या समितीचे अध्यक्ष होते मुंबईचे चीफ जस्टिस छागला, आणि वाढदिवस ज्याचा त्याला देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. तेव्हा ह्या गाण्याचं बेस्ट रेकॉर्डिंग कुठलं ह्याला माझं उत्तर दोन आहेत. नाटकासाठी 1936, आणि रोबसनसाठी नंतरच्या मैफलींतलं.

कर्नला स्वतःला मात्र ह्यातलं काहीच पसंत पडलं नसतं. माणूस एक नंबरचा हेकट. त्याच्या चालीला कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही, जाझ बँडवाले आपली गाणी पिळून वेडीवाकडी करतात ह्याचा इतका संताप की 1924 मधे 'सिटिंग प्रिटी' आलं तेव्हा त्याने हुकूमच काढला, ह्यातलं एकही गाणं रेडिओवर, रेकॉर्डवर, नाचाच्या हॉलमधे वाजवायचं नाही. ज्याला ऐकायचंय त्याने तिकीट काढून यावं. नाटक पडलं, आणि गाणी बाहेर कुणी ऐकलेलीच नसल्यामुळे ती सुद्धा त्याच्याबरोबर बुडाली. आपल्याकडेही तबकडीला नाकं मुरडणारे बुवा होते की. गंधर्वांचं पद रंगमंचावर वन्स मोअर घेत घेत अर्धा तास चालायचं आणि तबकडीवर तीन मिनिटांत आटपायचं, ते ऐकून प्रत्यक्ष ऐकलेले म्हातारे हळहळायचे. पण तीन मिनिटं का होईना, आज तीच आहेत.

एडिसनहून न्यूयॉर्कला जायची लोकल नेवार्कवरून आणि मग सिकॉकसवरून जाते. नेवार्कला कर्न शाळेत होता, तिथे त्याच्या वडलांचं दुकान होतं. त्यांनी त्याला दोन पियानो आणायला पाठवलं आणि हा सेल्समनच्या बोलण्यात येऊन दोनशेची ऑर्डर देऊन आला असा एक किस्सा सांगतात, खरा असो नसो, ह्या माणसाला शोभतो. आणि सिकॉकस म्हणजे नुसतं गाडी बदलायचं स्टेशन, बाहेर दलदल, हायवेचे पूल आणि गोदामं. त्या गोदामांपैकी एकात, वॉर्नर ब्रदर्सच्या, 1982 साली खोकी सापडली. आत हस्तलिखितं. गर्शविन, कोल पोर्टर, रिचर्ड रॉजर्स, आणि भरपूर कर्न. नाटकांतून काढून टाकलेली गाणी, वाद्यवृंदाचे कागद, गेली ती गेली म्हणून लोकांनी नाद सोडून दिलेले. मी त्या प्लॅटफॉर्मवर उभी राहून बाहेर बघत होते आणि दादा म्हणत होता, "अगं काय बघतेस, काही नाहीये इथे."

जॉन मॅकग्लिन नावाचा एक कंडक्टर असल्या कागदांचा वेडा होता. त्याने 1988 मधे 'शो बोट'चं रेकॉर्डिंग आणलं, तीन सीडी, रॉबर्ट रसेल बेनेटने 1927 मधे केलेला मूळ वाद्यमेळ जसाच्या तसा, आणि गाळलेली गाणी सुद्धा. मला सेकंड हँड मिळालं, डबी फुटकी पण सीडी धडधाकट. एका रविवारी सगळे मंदिरात गेले होते, मी जाते म्हणून सांगितलं आणि गेले नाही, बेमालूम खोटं बोलून बेमालूम साडेतीन-चार तास ऐकलं. त्यात 'मिझरीज कमिन अराउंड' म्हणून एक गाणं आहे, कोरसचं, काहीतरी वाईट येऊ घातलंय असं घरातल्या कामवालीला आधी कळतं तसं. नाटक फार लांबतंय म्हणून न्यूयॉर्कला यायच्या आधीच हे कापलं गेलं. पण कर्न कसला ऐकतोय, त्याने त्याची सुरावट नांदीच्या वाद्यसंगीतात ठेवून दिली. म्हणजे साठ वर्षं लोक त्या नांदीत एका गाण्याची सावली ऐकत होते आणि गाणं कुठेच नव्हतं. मॅकग्लिनच्या रेकॉर्डिंगमधे ते परत आपल्या जागी येतं, आणि ते आल्यावर पुढच्या सगळ्या गोड गाण्यांची चव बदलते. जेरी हॅडली आणि फ्रेडरिका व्हॉन स्टेड ही ऑपेराची माणसं आहेत, तरी खोटी वाटत नाहीत.

ह्या रेकॉर्डिंगची एक कडू बाजू आहे आणि ती गाळून कौतुक करणं बरं नव्हे. मॅकग्लिनला 1927 चे शब्द अक्षरशः हवे होते आणि त्या नाटकात गाण्याचा पहिलाच शब्द काळ्या लोकांना दिली जाणारी शिवी आहे. हॅमरस्टाइनने तो कष्टकऱ्यांच्या तोंडी मुद्दाम घातला होता, प्रेक्षकाला टोचावं म्हणून, पण पुढे 1946 च्या पुनरुज्जीवनात तो बदलला गेला. मॅकग्लिनने परत आणला. ज्या काळ्या गायकांना कोरससाठी बोलावलं होतं त्यांनी तो म्हणायला नकार दिला आणि ते निघून गेले. 'ओल मॅन रिव्हर' गाणाऱ्या हमालाच्या, 'जो'च्या, भूमिकेसाठी ठरलेला विलर्ड व्हाइट पण त्यांच्याबरोबर बाहेर पडला. त्याच्या जागी ब्रूस हबर्ड आला, स्वतः काळा, तो गायला, आणि सुरेख गायला. कोरसमधे मात्र बाहेरून आणलेले लंडनचे गायक. मी तो पहिला कोरस दोनदा ऐकला. इतिहास म्हणून असावा हे पटतं. पण कुणी तो शब्द म्हणायचा हे ज्याला म्हणायचाय त्यालाच विचारायला हवं ना? ह्या प्रश्नाने ते रेकॉर्डिंग डागाळलंच आहे माझ्यासाठी, आणि तरीही ज्याला 'शो बोट' एकदाच घ्यायचंय त्याला मी हेच सांगीन.

मधल्या काळात मी एक वेडेपणा केला. 1932 मधे 'शो बोट'च्या गाण्यांचा तबकड्यांचा एक संच निघाला होता, व्हिक्टर यंगचा वाद्यवृंद, हेलन मॉर्गन आणि रोबसन दोघंही त्यात, अख्ख्या नाटकाचा अल्बम म्हणावा अशी तिकडची जवळजवळ पहिलीच चीज. त्यातली एक सुटी तबकडी ऑनलाइन दिसली. अठरा डॉलर. दादाला न सांगता मागवली. आली ती तीन तुकड्यांत, लाखेची तबकडी आणि मधे एक साधा पुठ्ठासुद्धा घातलेला नाही, विकणाऱ्याला फोटो पाठवले तर त्याचं उत्तर, वर्णनात 'व्हिंटेज कंडिशन' लिहिलं होतं. वहिनीने तुकडे कचऱ्यात टाकायला घेतले तेव्हा मी झडप घालून काढून घेतले. माझं समाधान एवढंच की कर्न ह्या बाबतीत माझा बाप होता. दुर्मिळ पुस्तकं जमवायचा, जानेवारी 1929 मधे त्याने सगळा संग्रह लिलावात काढला, सतरा लाख डॉलर आले, तेव्हाचे सतरा लाख, आणि ते त्याने शेअर बाजारात लावले. ऑक्टोबर 1929 मधे काय झालं ते सांगायला नको. अठरा डॉलर म्हणजे काहीच नाही.

बाकीच्या गाण्यांबद्दल फार पाल्हाळ लावत नाही. 'स्मोक गेट्स इन युअर आइज' सगळ्यांना ठाऊक आहे ते प्लॅटर्सच्या 1958 च्या रेकॉर्डमुळे, आणि लोक हसतील पण मला ते आवडतं, त्या शेवटच्या उंच स्वराला अजून काटा येतो. मूळ हे 'रॉबर्टा'मधलं, 1933. ज्यांना नाटकाच्या काळाचा वास हवाय त्यांनी गर्ट्रूड नीसनचं त्याच वर्षीचं ऐकावं, खर्जातला आवाज, थोडा धुरकट, गाण्याच्या नावाला साजेसा. 'द वे यू लुक टुनाइट' चं तर मला बोलूच नका. सिनाट्राचं 1964 चं फार देखणं आहे, लग्नात लावतात. पण 1936 च्या सिनेमात फ्रेड अस्टेअर ते पियानोवर बसून गातो आणि आतल्या खोलीत जिंजर रॉजर्स डोक्याला शांपू चोळतेय, फेसाचा ढीग, आणि गाणं ऐकत ऐकत ती तशीच बाहेर येते. आज तू किती सुंदर दिसतेस म्हणे! अस्टेअरचा आवाज एवढासा, आपल्या सुगम संगीताच्या ऑडिशनला नापास करतील असा. पण तो प्रत्येक शब्द समोरच्याला सांगतो, हवेत फेकत नाही, आणि चालीला खरचटूसुद्धा देत नाही. कर्नला हवा तसा गायक हाच असावा.

आणि एला फिट्झजेराल्ड. 1963 मधे नेल्सन रिडलच्या वाद्यवृंदाबरोबर तिने कर्नची बारा गाणी गायली. कुठलाही जाणकार तुम्हाला पहिल्यांदा हाच अल्बम सांगेल, आणि सुरुवात करायला हरकत काहीच नाही, सूर म्हणजे आरशासारखे. पण मला तो थोडा इस्त्री केलेला वाटतो. सगळं जागच्या जागी, घडी मोडलेली नाही. त्यात 'बिल' नाही हे मला आधी विचित्र वाटलं, नंतर वाटलं बरंच झालं, बिलला इस्त्री चालली नसती.

आता भाच्याचं गाणं. 'ऑल द थिंग्ज यू आर' आलं 1939 च्या 'व्हेरी वॉर्म फॉर मे' मधे, कर्नचं ब्रॉडवेवरचं शेवटचं नवं नाटक, 59 प्रयोगांत गुंडाळलं गेलं. नाटक मेलं, गाणं उरलं. टॉमी डॉर्सी, आर्टी शॉ ह्यांच्या बँडनी लगेच रेकॉर्डी काढल्या, नाचाच्या चालीवर, बऱ्या आहेत. पण 1945 मधे डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर ह्या जाझवाल्यांनी ते धरलं आणि 1947 मधे पार्करने तर 'बर्ड ऑफ पॅराडाइज' नावाखाली कर्नची चाल बहुतेक सोडूनच दिली, खालचा सांगाडा तेवढा ठेवला आणि वर स्वतःचं घर बांधलं. शब्द नाहीत, नाटक नाही, चालही जेमतेम. कर्नने कोर्टात खेचलं असतं, पण तो 1945 च्या नोव्हेंबरमधेच गेला होता, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर चालता चालता कोसळला, खिशातल्या संगीतकार संघटनेच्या कार्डावरून ओळख पटली.

माझ्या नियमाप्रमाणे हे सगळं मला नावडायला हवं होतं. पण त्या बेमालूम रविवारनंतर भाच्याने मला कीबोर्डजवळ बसवलं. "आत्या, तू म्हणतेस ना ते दुसऱ्या गल्लीत जातं, ते इथे बघ." मधला भाग संपतो तिथे त्याने एका काळ्या पट्टीवर बोट धरलं, आपली काळी चार. खाली ई मेजर नावाचा सूरसमूह वाजवला. मी म्हटलं, हा शुद्ध गंधार. "मला ते माहीत नाही," तो म्हणाला, "आता बोट नको उचलू." माझं बोट त्याने त्या पट्टीवर ठेवलं आणि स्वतः खालचे सूर बदलले, एक अडखळल्यासारखा मधला सूरसमूह आणि मग एफ मायनर. माझं बोट हललेलं नाही. पट्टी तीच. पण षड्ज अर्ध्या पायरीने वर सरकला होता आणि माझ्या बोटाखालचा शुद्ध गंधार कोमल झाला होता. कागदावर त्या एकाच पट्टीला तिथे दोन नावं आहेत, आधी जी शार्प, मग ए फ्लॅट. गाणारी बाई आपला सूर धरून उभी आहे आणि पायाखालची जमीन कुणीतरी हळूच बदललीय. मी म्हटलं परत कर. त्याने चार वेळा केलं. वर वहिनी ओरडत होती जेवायला या म्हणून.

त्यानंतर पार्करचं ऐकलं तेव्हा कळलं की हे लोक ह्या गाण्याकडे का धावतात. बंदिशच आहे ही. चार ठिकाणी घर बदलते आणि परत येते, त्यात फिरायला मोकळं रान. कर्नला आपल्या चालीची एवढी रागारागाने राखण करायची होती, पण चाल त्याने अशी रचली की तिच्यात कुणालाही घुसावंसं वाटावं. मी भाच्याला शब्द छापून दिले, व्हर्ससकट. म्हटलं वाजवायच्या आधी एकदा मनात म्हण. तो म्हणाला ओके. म्हटले की नाही देव जाणे, पण शेवटच्या आठवड्यात तो त्या काळ्या चारवर अंमळ जास्त थांबायला लागला होता, ड्रायरच्या घरघरीतही ते कळायचं.

ठाण्याला परत आले आणि दुसऱ्याच दिवशी बाबांना 'बिल' ऐकवलं. हेलन मॉर्गनचं 1928 चं, फोनवर, छोट्या स्पीकरला जोडून. ती काही भारदस्त आवाजाची नाही, बारीक, उंच, कापरा आवाज, सूर कधीकधी काठावरून घसरेल असा. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे, डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हे वुडहाऊसने लिहिलंय?"

हो.

"मग हसायला का येत नाही?"

मी त्यांना ज्युलीची गोष्ट सांगितली, कुठे येतं गाणं, आधी काय झालेलं असतं, नवरा सोडून गेलाय, हातात बाटली आहे आणि तालीम चालू आहे. ते जरा वेळ गप्प बसले.

"परत लाव. आणि तो कडकड आवाज होतोय तो कमी कर."

तो रेकॉर्डचा आहे बाबा, तो नाही जात.

"मग राहू दे."